चारशे आठ किलोंची बेल

लिफ्टच्या प्रत्येक केबिनमध्ये पत्र्याची एक पाटी असते. सहा माणसं, चारशे आठ किलो. ही पाटी कुणी वाचत नाही. वाचली तरी भागाकार कुणी करत नाही. लिफ्ट दुरुस्त करणारे मात्र करतात, कारण त्यांना त्यावरच पोट भरायचं असतं. चारशे आठ भागिले सहा म्हणजे अडुसष्ट. माणूस अडुसष्ट किलोंचा असतो असं या धंद्यात एकदा ठरलं आणि पुन्हा कुणी त्याच्या वाटेला गेलं नाही.

आपला माणूस लिफ्ट कंपनीत नोकरीला लागला त्या दिवशी स्टोअरमधल्या काट्यावर एकशे छत्तीस भरला. स्टोअरकीपरनं आकडा बघितला, मान वर करून माणूस बघितला, परत आकडा बघितला. "बरोब्बर दुप्पट," तो म्हणाला आणि बारसं तिथंच उरकलं. त्याला चौदा वर्षं झाली. मधल्या काळात वजन थोडं इकडंतिकडं व्हायचं, पण फिरून एकशे छत्तीसवर येऊन थांबायचं. शिस्तीचा माणूस.

दुप्पटची आई म्हणायची, "त्याची हाडंच मोठी आहेत." शाळेतल्या बाई म्हणायच्या, "उंची वाढली की सगळं जागच्या जागी बसेल." उंची वाढली. काही जागच्या जागी बसलं नाही. दुप्पटनं कुणाचंच म्हणणं खोडून काढलं नाही. चेष्टेत कधी हसायचं आणि किती हसायचं, हे त्याला चौथीपासून पाठ होतं.

त्याच्या जोडीला मास्तर असायचा. हा शाळेतला मास्तर नव्हे. लिफ्टचाच मेकॅनिक, पण कुणालाही काहीही शिकवायला बसायचा म्हणून मास्तर. ब्रेकची अर्ध्या मिलिमीटरची झीज तो नुसत्या नजरेनं ओळखायचा आणि मग ती कशी ओळखायची हे पाऊण तास सांगायचा.

वर्षातून एकदा प्रत्येक लिफ्टची वजनाची चाचणी असते. केबिनमध्ये पाटीवर लिहिलेलं वजन भरायचं आणि बेलच्या डब्यावरचं बटण दाबायचं. त्या वजनाच्या वर काही चढलं की इथून पुढं बेल वाजणार, दार उघडं राहणार, लिफ्ट हलणार नाही. यासाठी वीस-वीस किलोंची लोखंडी वजनं असतात. कंपनीत सगळे त्यांना विटा म्हणतात. सहा माणसांच्या लिफ्टला अशा वीस विटा आणि वर आठ किलोंचं एक पिल्लू लागतं. ते सगळं स्टोअरमधून टेम्पोत, टेम्पोतून फाटकात, फाटकातून लिफ्टपर्यंत आणि काम झालं की त्याच वाटेनं परत. मास्तरला पाठदुखी होती आणि डोकं होतं. त्यानं फार पूर्वी हिशेब बसवून टाकला होता. तेरा विटा म्हणजे दोनशे साठ. दुप्पट एकशे छत्तीस. हत्यारांची पिशवी बारा. चारशे आठ.

"तेरा, दुप्पट, पिशवी," मास्तर पुकारायचा. दुप्पट पिशवी घेऊन आत जाऊन उभा राहायचा. मास्तर बटण दाबायचा. सात विटा आणि पिल्लू उचलायचे वाचायचे.

कंपनीत चहाच्या टेबलावर एक कागद लावलेला होता. 'चाचणीसाठी माणसांचा वापर करू नये.'

"तो नियम माणसांसाठी आहे," मास्तर म्हणायचा. "तू वीट आहेस."

दुप्पट जितकं हसायचं तितकं हसायचा.

त्याला त्या कामाचं काही वाटत नसे, कारण त्याला शाफ्ट आवडायचा. लिफ्टची ती उभी काळोखी विहीर. केबिनच्या छतावर बसून तो दोर तपासत वर जायचा आणि पलीकडून, भिंतीला लागून, लोखंडाचा समतोल गठ्ठा खाली यायचा. कितीही वजन वर चढवा, तेवढं सांभाळायला पलीकडं कुणीतरी असतंच, अशी ती व्यवस्था होती. आणि तिथं कुणी बघत नसे. शाफ्टमध्ये एकशे छत्तीस किलो म्हणजे फक्त एक आकडा असतो, तोही छोटा.

गेल्या वर्षी नवीन लिफ्टा आल्या. त्यांना वर मशीनची खोली नाही. छतावर जायचं तर केबिनमधूनच, छतातल्या चौकोनी झडपेतून. दुप्पट अशा एका झडपेत कंबरेपर्यंत वर आणि कंबरेपासून खाली असा चाळीस मिनिटं राहिला. मास्तर खालून त्याच्या पायांना सूचना देत होता. तेवढ्यात इमारतीतल्या एका आजोबांनी बटण दाबून दार उघडलं, पाय बघितले, "असू द्या, असू द्या, मी नंतर येतो," म्हणाले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी बोलावलं. मॅडम म्हणजे सर्व्हिस विभागाच्या प्रमुख. त्या ओरडत नसत. त्यांचं कामच इतकं होतं की ओरडायला सवड मिळत नसे.

"यापुढं निम्म्या लिफ्टा झडपेच्या असणार आहेत," त्या म्हणाल्या. "या वर्षाचे उरलेले आठ महिने देते. वर्षअखेरीला माझ्यासमोर झडपेतून जाऊन दाखवलंस तर शाफ्ट तुझा. नाही जमलं तर तक्रारींच्या फोनवर बस. पगार तोच."

"फोनवर काय करायचं असतं?"

"बसायचं असतं."

दुप्पटला घाम फुटला. फोनची खोली त्यानं बघितलेली होती. खिडकी, टेबल, रजिस्टर, पंखा. दिवसभर येणारेजाणारे दारातून डोकावणार आणि 'काय दुप्पट!' म्हणणार.

म्हणून तो डॉक्टरीणबाईंकडं गेला. तिथं आधी एक कागद भरायला दिला. वजनाचा तुमच्या रोजच्या जगण्यावर काय परिणाम होतो, असे वीस प्रश्न. पुढं तीन चौकोन: कधीच नाही, कधीकधी, नेहमी. दुप्पटनं तीन मिनिटांत कागद परत दिला.

डॉक्टरीणबाईंनी वाचला. "वीसच्या वीस 'कधीच नाही'. एवढं सुख माझ्या दवाखान्यात आजवर कुणी घेऊन आलेलं नाही."

"सर्व्हिसचा तक्ता आम्ही असाच भरतो. सगळीकडं ठीक."

"आणि ठीक नसलं तर?"

"मग तक्रार येते."

"बरं. जिने चढताना दम लागत नाही?"

"जिने चढतच नाही. लिफ्टवाला आहे."

"खुर्चीत मावायची काळजी वाटत नाही?"

"मी उभाच राहतो."

"लोक बघतात असं वाटत नाही?"

"शाफ्टमध्ये अंधार असतो."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "बुटाची नाडी कोण बांधतं?"

दुप्पटनं बुटांकडं बघितलं. म्हणजे बघायचा प्रयत्न केला. "बायको."

"किती वर्षं?"

"नऊ."

त्यांनी कागदावर तेवढंच लिहिलं.

"अडुसष्ट व्हायला किती दिवस लागतील?" दुप्पटनं विचारलं.

"अडुसष्ट? कुणी सांगितलं अडुसष्ट?"

"पाटीवर आहे."

"कुठल्या पाटीवर ते मला माहीत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण नुसता दहावा हिस्सा कमी केलात तरी झोप आणि गुडघे बदलतील. पुढचं पुढं बघू. ताट अर्धं करा आणि लिफ्ट सोडा."

"सोडली तर खाऊ काय?"

"चढायची सोडा. दुरुस्त करायची नाही."

यावेळी दुप्पटनं कुणाला काही सांगितलं नाही. याआधी तीनदा सांगून बघितलं होतं. तिन्ही वेळा कंपनीत फळ्यावर वजनाचा तक्ता काढला गेला, रोज कुणीतरी त्यात खडूनं एक हत्ती काढायचा आणि महिनाभरात तक्ता संपून नुसता हत्ती उरायचा. चौथ्यांदा त्यानं तोंड मिटून घेतलं. स्टोअरमधला काटाही टाळला. रविवारी सकाळी तो गल्लीतल्या कुरियरच्या दुकानात जाई आणि पार्सलच्या काट्यावर उभा राही. कुरियरवाला दर रविवारी विचारायचा, "कुठं पाठवायचंय?" दुप्पट म्हणायचा, "अजून ठरलं नाही." मग आकडा आणि तारीख हत्यारांच्या पेटीच्या झाकणावर आतून पेन्सिलीनं लिहायचा.

आकडे उतरत गेले. चौथ्या महिन्यात एकशे एकवीस. सहाव्यात एकशे चौदा. त्याची बायको घरी पडदे शिवायची. घरात माणसांपेक्षा पडदे जास्त आणि बोलताना तिच्या तोंडात टाचण्या. तिनं त्याचा गणवेश कंबरेत दोनदा आत घेतला, पण वरून तो तसाच ढगळ ठेवला. तशी त्याची अट होती.

सातव्या महिन्यातल्या एका सोमवारी ती सवयीनं त्याच्यासमोर स्टुलावर येऊन बसली आणि दुप्पट वाकला. वाकतच गेला. डाव्या बुटाची नाडी बांधली, मग उजव्या. वर आला तेव्हा लाल झाला होता.

"घट्ट?" बायकोनं टाचण्यांतून विचारलं.

"घट्ट."

तिनं टाचण्या काढून उशीत टोचल्या. तिला आनंद झाला होता, हे तिच्या नाकाच्या शेंड्यावर कळायचं. पण ती स्टुलावरून उठली नाही.

"अहो, मग आता आपण बोलायचं कधी?"

ते खरं होतं. नऊ वर्षं रोज सकाळची ती दहा मिनिटं. लेकीची फी, गळका नळ, तिच्या भावाचं लग्न जमणं आणि मोडणं, सगळं तिथं ठरलेलं. शेवटी असं ठरलं की तो बूट घालून दहा मिनिटं नुसता बसेल. तो बसू लागला. डॉक्टरीणबाईंच्या कागदावर याबद्दल प्रश्न नव्हता.

आठव्या महिन्यात, एका बुधवारी जेवणाच्या सुट्टीत, कंपनीतल्या नमुन्याच्या केबिनमध्ये दुप्पट एकटाच गेला. शिडी लावली, झडप उघडली आणि गेला. दोन बोटं जागा उरली. वर छतावर तो पाच मिनिटं बसून राहिला. मग खाली उतरून डबा खाल्ला. डबा अर्धाच असायचा. मॅडमनी आठ महिने दिले होते, ते महिनाअखेरीला भरत होते. आता फक्त तो दिवस उजाडायचा होता.

त्याच आठवड्यात एक तक्रार आली. सहा मजली इमारत, सहा माणसांची लिफ्ट. सहाव्या माणसाला बेल वाजते.

मास्तर आणि दुप्पट पावणेनऊला पोचले, कारण बेल पावणेनऊलाच वाजते असं इमारतीच्या सेक्रेटरींचं म्हणणं होतं. सेक्रेटरी निवृत्त होते आणि सूचनाफलकासारखे बोलायचे.

"पाटीवर सहा. प्रत्यक्षात पाच. उर्वरित रहिवाशानं कुठं जावं?"

तिघं दुसऱ्या मजल्यावर जाऊन थांबले. लिफ्ट वरून भरत आली. दार उघडलं. आत पाचजण होते, सहावे आत शिरले आणि बेल वाजली. आता आतले सगळे एकाच दिशेनं बघणार होते. कोपऱ्यात एक बाई होत्या, पाचव्या मजल्यावरच्या. एका शाळेत ग्रंथपाल होत्या आणि अंगानं चांगल्या भरलेल्या. लिफ्टमध्ये सगळ्यांत आधी त्याच चढल्या होत्या. पण पहिला डोळा त्यांच्याकडं वळायच्या आत त्या दारात आल्या होत्या.

"अय्या, किल्ली वरच राहिली वाटतं. चला तुम्ही पुढं."

लिफ्ट गेली. बाई वर गेल्या नाहीत. लिफ्ट तळाला पोचल्याचा आवाज आला, तशा त्या जिन्यानं खाली उतरू लागल्या, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत.

दुप्पटनं ते बघितलं. त्याचं स्वतःचं वाक्य 'मला एक फोन करायचाय, व्हा पुढं' असं होतं. पण काम तेच. कुणी बघायच्या आत उतरायचं. त्यात बाईंचा हात त्याच्यापेक्षा सफाईदार होता.

मास्तरनं बेल तपासली, वायर तपासली, डबा उघडून फुंकर मारली. काहीच सापडलं नाही. मग त्यानं तक्त्यावर लिहिलं: यंत्रात दोष नाही. प्रवाशांचं वजन वाढलेलं आहे.

"असं लिहावं का?" दुप्पट म्हणाला.

"मग काय लिहू? लिफ्टचा मूड नाही?"

दोघांनी सह्या केल्या.

आठवड्यानं दुप्पट एकटाच तिथं शाफ्टमधल्या रेलना तेल द्यायला गेला. केबिनमध्ये नवा कागद चिकटवलेला होता. 'कंपनीच्या तज्ज्ञांच्या अहवालानुसार प्रवाशांचे वजन वाढलेले आहे. तरी वजनदार रहिवाशांनी कृपया जिन्याचा वापर करावा. आदेशावरून.'

दुप्पटनं कागद दोनदा वाचला. मग डॉक्टरीणबाईंच्या हुकमाप्रमाणे जिन्यानं निघाला. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये, वळणावरच्या पायरीवर, ग्रंथपाल बाई बसल्या होत्या. शेजारी पुस्तकांची पिशवी.

"लिफ्टवाले ना तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि जिन्यानं?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"मला लिफ्टनं सांगितलंय."

दुप्पटला हसू आलं, पण किती हसायचं ते या वेळी त्याला कळेना. तो स्वतःची पिशवी आणि हत्यारांची पेटी ठेवून दोन पायऱ्या खाली उभा राहिला.

"एक विचारू का? मी आपली कार्डावरच्या तारखा बघणारी बाई. दीड महिन्यापूर्वी तुम्ही दोघं लोखंडाच्या विटा घेऊन आला होता. त्याच्या आदल्या दिवशी आम्ही सहाजण याच लिफ्टमधून खाली उतरलो. सहा. मी मोजते, मला सवयच आहे. तुमच्या विटा गेल्या, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहाला बेल. मी काय एका दिवसात फुगले?"

"नाही."

"मलाही तसंच वाटलं. म्हणून वजन करून आले. दीड किलो कमीच भरलं. दुपारचा डबा बंद केलाय ना मी. चक्कर येते जरा, पण म्हटलं, बेल थांबेल. थांबत नाही हो."

दुप्पटच्या डोक्यात मास्तर पुकारत होता. तेरा. दुप्पट. पिशवी. त्यानं तेरा विटा मनातल्या मनात परत उचलून ठेवल्या. तेराच होत्या. पिशवीत हात घालून चाचपलं. सगळी हत्यारं होती. राहिला तो स्वतः.

त्यानं पेटीचं झाकण उघडून आतल्या बाजूला बघितलं. दीड महिन्यापूर्वीचा रविवार: एकशे अकरा.

चौदा वर्षं तो एकशे छत्तीस होता. सहा महिने अर्धं ताट जेवूनसुद्धा, त्या केबिनमध्ये पिशवी धरून उभं राहताना, तो मनानं एकशे छत्तीसच होता. मास्तरला सोडा, त्याला स्वतःलाही कळलं नव्हतं की आत उभा असलेला माणूस बदलला आहे. पंचवीस किलो कमी भरून त्यांनी बटण दाबलं होतं. लिफ्ट तीनशे त्र्याऐंशीला ओरडत होती, आणि ओरडा खात होत्या या बाई.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"उद्यापासून डबा न्या," दुप्पट म्हणाला. "बाकीचं मी बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टोअरच्या मागं त्यानं मास्तरला सांगितलं.

"थांब, थांब. तू किती आहेस म्हणालास?"

"एकशे नऊ."

"हट्!"

"झाकणावर बघ."

मास्तरनं झाकण वाचलं. मग दुप्पटला वाचलं, पायापासून वरपर्यंत. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्याला शिकवण्यासारखं काही सुचेना.

"मला कसं दिसलं नाही?"

"बघितलंस कुठं तू?"

"असू दे. हे बघ, रविवारी आपण वीस विटा आणि पिल्लू नेऊ, गुपचूप सेट करू, काम खलास. कोण विचारतंय?"

"लिफ्टमध्ये कागद लागलाय."

"तो आपण थोडाच लावलाय?"

"वाक्य आपलं आहे. आणि बेल आपोआप थांबली तर सगळे म्हणतील, बाई जिन्यानं जायला लागल्या म्हणून थांबली."

मास्तर झाकणावरचे आकडे परत वाचू लागला.

"आणि ही एकच नाही. आठ महिन्यांत अकरा झाल्यात. पहिली तीन किलोंनी चुकलीय, शेवटची सत्तावीसनं."

"अरे, पण महिनाअखेर आलीय! मॅडमना माणूस घालून चाचणी केल्याचं कळलं तर झडप राहिली बाजूला, थेट फोनवर बसवतील. तिकडं जायचं नाही म्हणूनच उपाशी राहिलास ना?"

"अर्धपोटी."

"तेच ते!"

"मास्तर, मी एकटाच सांगतो. विटा कमी भरायची कल्पना माझी, असं म्हणेन."

"माझ्या डोक्यातली एकच चांगली कल्पना आणि ती पण तू घेणार?" मास्तरनं पेटी बंद केली. "चल. दोघं जाऊ."

मॅडम दोन फोनांच्या मधोमध बसल्या होत्या.

"मॅडम, चूक झालीय. सत्तावीस."

"सत्तावीस लिफ्टा?" त्यांनी एक फोन खाली ठेवला.

"सत्तावीस किलो. लिफ्टा अकरा."

दुप्पटनं सगळं सांगितलं. तेरा, दुप्पट, पिशवी, झाकण, वाक्य, कागद. मास्तर मधेमधे "हो" म्हणत होता. मॅडमनी दुसराही फोन ठेवला.

"स्टोअरमध्ये चल."

स्टोअरकीपरनं काटा पुसला. दुप्पट चढला. आजूबाजूला हातातलं काम टाकून सात-आठ जण जमले. एकशे नऊ. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे आकड्याकडं असे बघत राहिले, जणू कंपनीचा माल चोरीला गेला होता.

"एक पूर्णांक सहा पट," स्टोअरकीपर हळूच म्हणाला. "असं कसं हाक मारणार?"

"झडप," मॅडम म्हणाल्या.

नमुन्याच्या केबिनमध्ये दुप्पटनं शिडी लावली. वर गेला, छतावर उभा राहिला, परत खाली आला. मॅडमनी घड्याळ बघितलं.

"पास. शाफ्टला योग्य. तसं लिहून देते." त्यांनी लिहिलं. "आता दुसरं. अकराही लिफ्टा पूर्ण विटा घालून परत सेट करायच्या. विटा तुम्ही दोघांनी उचलायच्या. प्रत्येक इमारतीत चूक आपली होती असं तोंडानं सांगायचं, चिठ्ठी ठेवून यायचं नाही. ते झालं की सोमवारपासून तीन महिने तू फोनवर. मास्तरला लेखी ताकीद."

"पण मॅडम, तो पास झाला ना!" मास्तर म्हणाला.

"झाला. चुकलाही. दोन्हीचे कागद वेगळे आहेत."

दुप्पटला त्यात खोट काढता येईना. त्यानं प्रयत्न केला होता.

त्या इमारतीत ते पावणेनऊच्या आधी पोचले. वीस विटा आणि पिल्लू. पंधराव्या विटेला मास्तर भिंतीला टेकला, मग उरलेल्या दुप्पटनं आणल्या. बटण दाबलं, विटा बाहेर काढल्या. तोवर तळमजल्यावर माणसं जमली होती. बाई जिन्याच्या कठड्याला धरून सगळ्यात मागं उभ्या होत्या.

"अहवाल काय?" सेक्रेटरींनी विचारलं.

दुप्पटला भाषणाची सवय नव्हती. त्यानं लिफ्टच्या दारात पाय अडकवून ठेवला, म्हणजे ते मधेच बंद होऊ नये.

"मागच्या चाचणीला विटांच्या जागी मी उभा राहिलो होतो. माझं वजन पंचवीस किलोंनी कमी झालं होतं आणि मी ते धरलं नाही. त्यामुळं बेल लवकर वाजत होती. तुमच्यात कुणाचंही वजन वाढलेलं नाही. म्हणजे वाढलं असेल तर मला माहीत नाही. पण बेलचा त्याच्याशी संबंध नव्हता. आमच्या तक्त्यावरचं वाक्य चुकीचं होतं."

एक गृहस्थ त्याला निरखून बघत होते. "तुमचं वजन कमी झालंय?"

"हो."

"आधी किती होतं?"

"ते सोडा हो," मागून बाईंचा आवाज आला. "माणूस काय सांगतोय ते ऐका."

सगळ्यांनी वळून बघितलं. बाई कुठंही उतरल्या नाहीत, कारण त्या कशातच चढलेल्या नव्हत्या. त्या तिथंच उभ्या राहिल्या.

"सेक्रेटरी, तो कागद काढा."

"ठराव करून लावलेला आहे. काढायचा तर ठराव..."

"मी काढते. इतिवृत्तात लिहा."

त्यांनी केबिनमध्ये जाऊन कागद काढला. चिकटपट्टी चिवट होती, तीन कोपरे निघाले आणि चौथा राहिला. दुप्पटनं खिशातून पात्याचा स्क्रूड्रायव्हर काढून पुढं केला. बाईंनी चौथा कोपराही खरवडला. मग त्यांच्यासह सहाजण आत चढले. दार बंद झालं आणि लिफ्ट गेली. एवढंच झालं. बघण्यासारखं काही नव्हतं, तरी मास्तर वरच्या दिव्यांकडं बघत राहिला.

बाकीच्या दहा इमारतींत असं काही झालं नाही. दोन ठिकाणी लोकांनी ऐकून घेतलं, एका ठिकाणी तर कुणाला बेल आहे हेच माहीत नव्हतं. बाकीचे "बरं, बरं" म्हणाले. विटा मात्र सगळीकडं वीस किलोंच्याच होत्या.

सोमवारी दुप्पट फोनच्या खोलीत जाऊन बसला. खिडकी, टेबल, रजिस्टर, पंखा. येणारेजाणारे दारातून डोकावत होते, पण आता काय म्हणायचं ते त्यांना नीटसं सुचत नव्हतं, म्हणून नुसते डोकावून जात होते. साडेदहाला फोन वाजला.

"हॅलो! अडकलोय मी! लिफ्टमध्ये!" घाबरलेला पुरुषाचा आवाज.

"कुठली इमारत?"

त्यानं सांगितली. दुप्पटनं दुसऱ्या फोनवरून नवीन मेकॅनिकला निरोप दिला आणि पहिल्या फोनवर परत आला.

"एकटे आहात?"

"हो. हे बघा, मी जरा जाड आहे. त्यामुळं झालं असेल का? मी चढलो आणि..."

"बेल वाजली होती?"

"नाही."

"मग तुमच्यामुळं नाही. कान दरवाजाला लावा. काय ऐकू येतंय?"

"टिक... टिक... असं काहीतरी."

"दाराचा सेन्सर. दोन मजल्यांच्या मध्ये आहात. केबिन पडत नाही, काळजी करू नका. पलीकडच्या बाजूला तेवढंच लोखंड टांगलेलं असतं. खाली बसून घ्या."

पलीकडं बसल्याचा आवाज आला. मग बराच वेळ श्वासाचा. दुप्पट फोन धरून राहिला. त्याच्या डोळ्यांसमोर तो सगळा शाफ्ट होता, दोर, रेल, तेलाचा वास, आणि तिथं तो स्वतः सोडून बाकी सगळं होतं.

"तुम्हीच येताय ना?" माणसानं विचारलं.

"नाही. दुसरा निघालाय. दहा मिनिटांत पोचेल."

"कसा आहे तो?"

दुप्पटनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बारीक आहे," तो म्हणाला. "पण काम चांगलं करतो."